मदत हवी आहे: व्हर्जिन गोर्डा ते ॲनेगाडा, कॅटमरानवर आई-बाबांसह

अबोली_एनजे:

मंडळी, शीडबोटीतल्या जाणकारांनी जरा मार्ग दाखवा.

फेब्रुवारीत आम्ही न्यू जर्सीची तीन कुटुंबं कॅरिबियनमधल्या ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्सना जातोय. तिथल्या टॉर्टोला बेटावरून 45 फुटी कॅटमरान (दोन सांगाड्यांची शीडबोट) भाड्याने घेतली आहे, आठवडाभरासाठी. नवरा आणि त्याचा मित्र, दोघंही शीडबोट चालवायला रीतसर शिकलेत, त्यामुळे कप्तान घेतलेला नाही. नॉर्मन, कूपर, व्हर्जिन गोर्डा ही बेटं एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात आहेत. तासा-दोन तासांची धाव, मग पोहायचं, जेवायचं. त्याची काळजी नाही.

घोडं अडलंय ते ॲनेगाडावर. बाकीची बेटं डोंगराळ, हे एकटं प्रवाळाचं आणि ताटासारखं सपाट. सर्वांत उंच जागा जेमतेम 8 मीटर! म्हणजे जवळ जाईपर्यंत बेट दिसतच नाही. त्यात भोवती हॉर्सशू रीफ ही प्रवाळाची रांग, जिच्यावर आजवर कितीतरी जहाजं फुटली. बोटवाल्या कंपनीची अट अशी की ॲनेगाडाला जायचं तर आधी परवानगी घ्या.

सोबत आई-बाबा आहेत. बाबा 73 वर्षांचे. त्यांना भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना लाँचमध्येसुद्धा बोट लागते. पण ॲनेगाडावरचे फ्लेमिंगो बघायचा हट्टही त्यांचाच. कॅटमरान कलत नाही म्हणून बोट लागत नाही, असं विकणारा सांगतो. खरं आहे का? आणि त्या एका दिवसापुरता तरी कप्तान घ्यावा का?

डोलकाठी:

मर्चंट नेव्हीत उभी हयात गेली, हल्ली हौसेने शिडं ओढतो. अबोलीताई, जरूर जा, पण सकाळचा वारा बघून ठरवा.

व्हर्जिन गोर्डाच्या नॉर्थ साउंड या खाडीतून निघालात तर अंतर साधारण 15 समुद्री मैल. दिशा जवळपास सरळ उत्तर आणि व्यापारी वारा पूर्वेचा, म्हणजे उजव्या अंगाने. कॅट याच वाऱ्यावर सुसाट पळते. सहा-सात नॉटने (ताशी समुद्री मैल) अडीच तास धरा. पाण्याचा ओढा पश्चिमेकडे असतो, त्यामुळे होकायंत्र बरोबर दाखवत असलं तरी बोट हळूहळू डावीकडे सरकते. जीपीएसवर लक्ष हवं.

आठ-साडेआठला नांगर उचला. उन्हं डोक्यावर असताना पोहोचायचं हे खरं गणित. सूर्य वर असला की प्रवाळ तपकिरी आणि वाळू फिकट हिरवी दिसते. दुपार कलली की सगळं पाणी नुसतं चकाकतं आणि तळ कळेनासा होतो. ॲनेगाडाच्या सेटिंग पॉइंटला, म्हणजे नांगर टाकायच्या जागी, शिरताना बोये (वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा) आहेत, खोली मात्र बेताची. तिथे आत जाताना लाल बोया उजव्या हाताला ठेवायचा, आपल्याकडच्या बरोबर उलट. मुंबईत लाल डावीकडे असतो. भारतात शिकलेल्यांची सवय इथे घात करते.

आता बाबांचं. विकणारा अर्धंच खरं सांगतो. कॅट कलत नाही, पण तिचे दोन हल (सांगाडे) एकाच लाटेवर वेगवेगळ्या वेळी चढतात आणि बोट हिसके देते. मधल्या भागाखाली लाट आपटली की दाणकन आवाज होतो, टेबलावरचे कप नाचतात. व्हर्जिन गोर्डाची आड सुटली की अटलांटिकची आडवी लाट लागते. त्यांना पुढच्या केबिनमध्ये झोपू देऊ नका. मागे कॉकपिटमध्ये, मोकळ्या हवेत, नजर क्षितिजावर. गोळी घ्यायची तर निघण्याच्या आधी, उलटी सुरू झाल्यावर नाही. बीपीची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. आलेपाक खिशात असू द्याच.

कलत नाही याचा दुसरा तोटा असा की वाऱ्याचा जोर वाढलेला अंगाला कळत नाही. एका हलची बोट कलून ओरडते, कॅट गप्प राहते आणि ताण डोलकाठीवर जातो. म्हणून आकडा बघून शीड कमी करा. 18-20 नॉटला पहिला टप्पा. 25 च्या वर असेल तर त्या दिवशी नॉर्थ साउंडमध्येच पत्ते कुटा.

खवचट_काका:

एवढा खटाटोप कशाला? टॉर्टोलाहून ॲनेगाडाला फेरी आहे, आठवड्यातले काही दिवस. बाबांना फेरीने न्या, तुम्ही शिडं फडकवा. आणि कप्तान घ्याच. सुट्टीत नवऱ्याला नकाशात डोकं घालून बसलेला बघायला एवढे डॉलर मोजताय का?

अबोली_एनजे:

काका, 😄 फेरीचं वेळापत्रक बघते, पण बाबा ऐकतील असं वाटत नाही. डोलकाठीजी, मनापासून आभार. लाल बोयाचं ऐकून नवरा एकदम गप्प झाला, तो मुंबईतच शिकलाय. त्या दिवसापुरता कप्तान ठरवतोय. एकच राहिलं: आम्ही निम्मे शाकाहारी. तिथे लॉब्स्टरशिवाय काही मिळतं का?

डोलकाठी:

मिळतं, भात-भाज्या, सॅलड वगैरे. पण किनाऱ्यावरच्या खानावळींना रात्रीचं जेवण दुपारीच रेडिओवर सांगावं लागतं, लॉब्स्टर असो वा नसो. टॉर्टोलाहून निघतानाच कणीक आणि लोणचं भरून घ्या.