मदत हवी आहे: इनिट्रॅमएफएसमध्ये स्वतःची स्क्रिप्ट घातली की कर्नल पॅनिक (डेबियन १२, वाचनालयाचा पीसी)

सांखळीकर

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयात एक जुना डेस्कटॉप आहे. ४ जीबी रॅम, त्यावर डेबियन १२. लोक ई-पेपर वाचतात, पोरं निकाल बघतात, फॉर्म भरतात. ग्रंथसूची वेगळ्या पार्टिशनवर ठेवलीय. पावसाळ्यात इकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. कुठेतरी तारांवर माडाची झावळ पडते आणि झालं. यूपीएसची बॅटरी फुगलीय, नवी घ्यायची तर समितीची बैठक हवी, आणि बैठक चतुर्थीनंतर. तोवर वीज आली की काळ्या पडद्यावर इनिट्रॅमएफएसचा (पीसी चालू होताना आधी रॅममध्ये चढणारी छोटी तात्पुरती प्रणाली) प्रॉम्प्ट, 'एफएसचेक (डिस्कची तपासणी) हाताने चालवा' असा संदेश, आणि वाचनालयाच्या बाईंचा मला फोन.

म्हणून ठरवलं की रूट डिस्कवर (जिच्यावर मुख्य प्रणाली आहे ती) रोजच्या वापरात काही लिहिलंच जाऊ नये. खाली खरी रूट फक्त वाचण्यापुरती, वर रॅममधला टीएमपीएफएस, आणि दोन्हींचा ओव्हरले (एकावर एक थर) करून तीच रूट म्हणून पुढे द्यायची. पीसी बंद केला की वरचं सगळं पुसलं. ग्रंथसूचीचं पार्टिशन मात्र नेहमीसारखं लिहिता यायला हवं.

स्क्रिप्ट अशी: रूट माउंट झालेली असते ती मूव्ह करून 'खाली' नावाच्या फोल्डरात न्यायची, टीएमपीएफएस माउंट करून त्यात अपर आणि वर्क अशी दोन फोल्डरं बनवायची, मग तिन्ही देऊन ओव्हरले पुन्हा रूटच्या जागी माउंट करायचा. ओव्हरले मॉड्यूल इनिट्रॅमएफएस-टूल्सच्या मॉड्यूल्स फाइलीत लिहिलंय. स्क्रिप्टचं नाव 'वाचन', ती स्क्रिप्ट्सखालच्या इनिट-बॉटम फोल्डरात आहे, एक्झिक्युटेबल केलीय, अपडेट-इनिट्रॅमएफएस विनातक्रार होतं.

रीबूट केलं की रूटखालच्या डेव्हमधला (उपकरणांच्या नोंदींचं फोल्डर) कन्सोल उघडता येत नाही, अशी फाइल नाही, अशी ओळ येते आणि लगेच कर्नल पॅनिक, 'इनिटला मारण्याचा प्रयत्न'. जुना कर्नल निवडला तर पीसी नीट चालू होतो.

दुसरी तक्रार. 'दुरुस्ती' असं लेबल असलेला पेनड्राइव्ह लावलेला असेल तर ओव्हरले करू नये, म्हणजे अपडेट वगैरे करता येतील, अशी सोय मी त्यातच केलीय. तो पेनड्राइव्ह कधी दिसतो, कधी नाही. लावायचं पोर्ट तेच.

(मोबाइलवरून लिहितोय. आज्ञा आणि पाथ देवनागरीत टाकलेत, सांभाळून घ्या.)

मिरामार

हे सगळं करणारं ओव्हरलेरूट नावाचं तयार पॅकेज आहे की. कॉन्फिग फाइलीत एक ओळ लिहायची, काम संपलं. चाक पुन्हा कशाला शोधायचं?

सांखळीकर

ते आधी लावून पाहिलं. त्यात माझं सूचीचं पार्टिशनही ओव्हरलेखाली गेलं. बाईंनी दिवसभर बसून टाकलेल्या नोंदी दुसऱ्या दिवशी गायब झाल्या असत्या.

मिरामार

ते त्याच्या रिकर्स या पर्यायामुळे. मुळात तो १ असतो, म्हणजे एफएसटॅबमधल्या (काय कुठे माउंट करायचं त्याची यादी) बाकीच्या पार्टिशनांनाही तो गुंडाळतो. टीएमपीएफएसपुढे रिकर्स शून्य लिहिलं की फक्त रूटच धरतो.

सांखळीकर

हे माहीत नव्हतं, देव बरें करूं. पण पेनड्राइव्हची खूण मला हवीच आहे. ग्रबच्या (बूट होतानाच्या) मेनूत ई दाबून ओळ बदला असं बाईंना फोनवर सांगणं म्हणजे दोघांचीही परीक्षा. 'लाल पेनड्राइव्ह लावा आणि चालू करा' एवढंच सांगता आलं पाहिजे. त्यामुळे स्क्रिप्ट स्वतःचीच करायचीय.

खाजेकार

कारण पटलं. आता एक करा. जुन्या कर्नलवर आहात तोवर अपडेट-इनिट्रॅमएफएस चालवताना 'के ऑल' लावू नका. नुसत्या 'यू'ने सर्वांत नव्या कर्नलचीच इमेज बदलते, जुनी तुमची सुटकेची वाट म्हणून शाबूत राहते.

मग नव्या कर्नलच्या ग्रब ओळीत शेवटी 'ब्रेक=बॉटम' जोडा आणि संदेश लपवणारा क्वाएट हा शब्द काढा. रूट माउंट झाल्यावर आणि इनिट-बॉटमच्या स्क्रिप्टा चालण्याआधी तो थांबेल आणि प्रॉम्प्ट देईल. तिथे स्क्रिप्ट्समधल्या इनिट-बॉटम फोल्डरातली ऑर्डर नावाची फाइल कॅट करा आणि काय दिसतं ते इथे लिहा. 'एक्झिट' म्हटलं की बूट पुढे सरकतो.

सांखळीकर

केलं. ऑर्डर फाइलीत आधी यूडेव्हची (उपकरणं ओळखणारा प्रोग्राम) ओळ आहे, तिच्यानंतर माझ्या 'वाचन'ची. प्रत्येकीखाली पॅरम डॉट कॉन्फ वाचण्याची एक ओळ आहे, ती बहुधा नेहमीचीच. प्रॉम्प्टवर असताना प्रॉकमधली माउंट्सची यादी पाहिली, रूट आरओ (फक्त वाचण्यापुरती) म्हणून बरोबर माउंट झालेली होती. एक्झिट केलं, पुन्हा तेच पॅनिक.

खाजेकार

मग दोन्ही तक्रारींचं मूळ एकच. स्क्रिप्टमधलं काम बरोबर आहे, ती टांगलीय त्या खुंटीवर घोळ आहे.

इनिट-बॉटममधली यूडेव्हची स्क्रिप्ट काय करते बघा. आधी ती यूडेव्ह डीमन बंद करते. मग इनिट्रॅमएफएसमधला डेव्ह उचलून नव्या रूटखालच्या डेव्हवर मूव्ह करते, आणि जुन्या जागी तिकडे बोट दाखवणारी सिमलिंक ठेवते. ती संपल्यावर तुमची स्क्रिप्ट येते आणि अख्खी रूट 'खाली'मध्ये हलवते. मूव्ह करताना त्या माउंटच्या पोटातली माउंटही सोबत जातात, म्हणजे डेव्हही 'खाली'त गेला. आता तुम्ही वर ओव्हरले टाकता. ओव्हरलेला खालच्या थरातली फक्त ती एकच फाइलसिस्टिम दिसते, तिच्यावर चढवलेली माउंट दिसत नाहीत. त्यामुळे नव्या रूटमध्ये डेव्ह म्हणजे डिस्कवरचं मूळ रिकामं फोल्डर. शेवटी इनिट स्क्रिप्ट रन-इनिटला (खऱ्या रूटकडे सूत्रं देणारी आज्ञा) रूटखालचा कन्सोल जोडायला जाते, तो तिथे नसतो. पॅनिक.

काही जणांच्या डिस्कवर त्या डेव्ह फोल्डरात कन्सोलची जुनी नोंद पडून असते. त्यांचा पीसी याच चुकीच्या क्रमानेही चालू होतो. नेटवर इनिट-बॉटमवाल्या स्क्रिप्टा फिरतात आणि खाली 'माझ्याकडे चालली' असे प्रतिसाद असतात, ते यामुळे.

पेनड्राइव्हचंही तसंच. डिस्क-बाय-लेबलमधल्या लिंका यूडेव्ह बनवतो. तो बंद व्हायच्या आत पेनड्राइव्ह ओळखला गेला तर तुम्हाला लेबल दिसतं, उशिरा आला तर लिंक बनवणारंच कोणी उरलेलं नसतं. यूएसबी-स्टोरेज मुळातच डिस्क वाचण्याआधी १ सेकंद थांबतो, जुना पोर्ट आणि स्वस्तातला ड्राइव्ह असेल तर आणखी वेळ जातो. म्हणून कधी हो, कधी नाही.

उपाय: स्क्रिप्ट लोकल-बॉटममध्ये न्या. इनिट-टॉपपासून इनिट-बॉटमपर्यंतच्या साखळीत हा टप्पा रूट माउंट झाल्यावर लगेच येतो, आणि इनिट-बॉटम त्याच्यानंतर. तिथे यूडेव्ह जिवंत असतो, डेव्ह आपल्या जागी असतो. तुमची रूट तेव्हाच ओव्हरले झालेली असली की यूडेव्हची स्क्रिप्ट नंतर डेव्ह आपोआप योग्य जागी नेईल, रन, सिस आणि प्रॉकही त्यामागोमाग जातील. इनिट-बॉटममधली प्रत काढून टाका, नाहीतर दोनदा ओव्हरले होईल.

लेबलसाठी एक लूप लावा: फाइल दिसते का बघायची, नसेल तर १ सेकंद झोपायचं, असं ५ वेळा. पेनड्राइव्ह माउंट करायची गरज नाही, लेबल दिसलं की एक्झिट शून्य. रोजचा बूट ५ सेकंदांनी लांबेल, तेवढं चालवून घ्या. फॅट असेल तर लेबल ११ अक्षरांच्या आत आणि कॅपिटलमध्ये ठेवा.

आणखी एक. 'खाली' आणि टीएमपीएफएसची फोल्डरं इनिट्रॅमएफएसच्याच रूटमध्ये ठेवलीत तर बूटनंतर ती डोळ्यांआड होतात. ओव्हरले चालेल, पण खरी डिस्क काय म्हणते ते बघता येणार नाही. ओव्हरले झाल्यावर दोन्ही नव्या रूटच्या एमएनटीखाली मूव्ह करून ठेवा.

टर्मिनलवाली

खाजेकारदादांनी मुख्य ते सांगितलंच. दोन किरकोळ गोष्टी, ज्यांनी माझे दिवस खाल्लेत. स्क्रिप्टच्या नावात टिंब नको. 'वाचन'च्या पुढे डॉट एसएच लावलंत तर ती मुकाट्याने वगळली जाते, ना एरर ना वॉर्निंग. अक्षरं, आकडे, डॅश आणि अंडरस्कोर एवढंच चालतं. इमेज बनल्यावर एलएस-इनिट्रॅमएफएसच्या यादीत ग्रेप करून स्क्रिप्ट आत गेलीय का ते बघायची सवय लावा, रीबूटचा हेलपाटा वाचतो.

दुसरं: वर प्रीरेक्वाला तुकडा आहे ना? पहिला आर्ग्युमेंट 'प्रीरेक्स' असेल तर अवलंबनांची यादी छापून बाहेर पडणारा? तो उगाच नसतो. इमेज बनवताना क्रम ठरवायला स्क्रिप्टला तसं विचारलं जाऊ शकतं, आणि तेव्हा तुम्ही चालू यंत्रावर, रूट यूजर (सर्वाधिकारी) म्हणून असता. तो तुकडा नसेल तर रूट मूव्ह करणारी आज्ञा तिथेच चालायची.

सांखळीकर

प्रीरेक्वाला तुकडा आहे. इनिट्रॅमएफएसला छोट्या आज्ञा पुरवणारं बिझीबॉक्सचं पॅकेजही आहे.

लोकल-बॉटममध्ये नेली. पीसी चालू झाला! डेस्कटॉपवर एक फाइल बनवली, सरळ मागचं बटण बंद करून पुन्हा चालू केला, फाइल गायब, एफएसचेकचा एक शब्द नाही. पेनड्राइव्ह लावला तर साधा बूट, न लावता ओव्हरले. बाईंसमोर करून दाखवलं तर म्हणाल्या, 'म्हणजे आता फॉर्मची पीडीएफ डेस्कटॉपवर ठेवली की गेली?' हो बाई, गेली. सूचीच्या पार्टिशनवर 'फॉर्म' असं फोल्डर करून त्याचा शॉर्टकट दिलाय.

आता दोन शंका. बूट होताना सिस्टमडी-रिमाउंट-एफएस फेल झालं अशी लाल ओळ येते. चालतं सगळं, पण लाल बघून बाई घाबरतात. आणि खाली एक्स्ट४ (डिस्कवरची फाइलसिस्टिम) आरओ आहे म्हणजे डिस्कवर खरंच काहीच लिहिलं जात नाही ना?

खाजेकार

लाल ओळ: एफएसटॅबमध्ये रूटच्या ओळीत एरर्स=रिमाउंट-आरओ असेल, डेबियनचा इन्स्टॉलर घालतोच. सिस्टमडी ते पर्याय घेऊन रूट रिमाउंट करायला जातो, पण आता रूट एक्स्ट४ नसून ओव्हरले आहे, तिला ते पर्याय कळत नाहीत. ओव्हरले झाल्यावर स्क्रिप्टमध्येच सेडने नव्या रूटच्या एफएसटॅबमधली रूटची ओळ काढा. बदल रॅममधल्या थरात जातो, डिस्कवरची फाइल तशीच राहते, त्यामुळे पेनड्राइव्ह लावून साधा बूट केलात की एफएसटॅब पूर्ववत. सूचीच्या ओळीला हात लावू नका, फक्त तिला 'नोफेल' द्या. ते पार्टिशन रुसलं तरी निदान ई-पेपर वाचता येतील.

आरओ: जर्नल (बदलांची टिपण) अर्धवट असेल तर एक्स्ट४ आरओ माउंट करतानाही ते परत लावून घेतो, म्हणजे तेवढं लिहितो. पण रोजच्या वापरात काही लिहिलंच जात नसेल तर जर्नल अर्धवट राहायचं कारणच नाही. साध्या बूटमध्ये अपडेट करताना वीज गेली तर मात्र ते होईल, म्हणून अपडेट निरभ्र दिवशी करा. सूचीच्या पार्टिशनचं दुखणं तसंच आहे, त्याचा बॅकअप हवाच. यूपीएसची बैठक रद्द करू नका.

एमएनटीखाली ठेवलेला खालचा थर मध्येच लिहिता करून त्यात फाइली बदलू नका. ओव्हरले चढलेला असताना खालचा थर बदलला तर काय होईल याची हमी कर्नल देत नाही. बदल करायचे ते पेनड्राइव्ह लावूनच.

टर्मिनलवाली

आपोआप अपडेट, म्हणजे अनअटेंडेड-अपग्रेड्स, चालू असेल तर ते बंद करा. नाहीतर ते पॅकेजं रोज रॅममध्ये उतरवेल, पीसी बंद झाला की विसरेल, उद्या पुन्हा उतरवेल. टीएमपीएफएस मुळात अर्ध्या रॅमएवढा असतो, म्हणजे तुमच्याकडे २ जीबी. ब्राउझरचा कॅशही त्यातच जातो.

आणि मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बघा. जुन्या डेस्कटॉपचा गेलेलाच असतो. एरवी वेळ जुळवणारा टाइमसिंक शेवटची वेळ डिस्कवर टिपून ठेवतो, म्हणून ते जाणवत नाही. आता ती टिपणही रॅममध्ये, दर बूटला पुसली जाणार. मग नेट येऊन वेळ जुळेपर्यंत प्रत्येक साइट सर्टिफिकेटच्या नावाने ओरडेल.

सांखळीकर

सकाळी तेच झालं, मला वाटलं राउटर. सेल आणतो. ब्राउझरचा कॅश किती ठेवू? दुपारी पोरं व्हिडिओ लावतात.

टर्मिनलवाली

डिस्क कॅश पूर्ण बंदच करा. ओव्हरलेत तोही शेवटी रॅमच खातो, आणि ब्राउझरचा मेमरी कॅश वेगळा असतोच. फायरफॉक्स असेल तर अबाउट कॉन्फिगमध्ये ब्राउझर डॉट कॅश डॉट डिस्क डॉट एनेबल फॉल्स करा. पेनड्राइव्ह लावून साध्या बूटमध्ये करा हं, नाहीतर ती सेटिंगही उद्या गेली.