विषय: चवथीला गोव्यात येतोय, साडेसात महिन्यांच्या बाळाला गोवराची लस कधी?

प्रेषक: बाळाची आई, टोरोंटो

नमस्कार मंडळी,

पाच वर्षांनी यंदा चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, फोंड्याला सासरी येतोय. मोपा विमानतळावर उतरू तेव्हा बाळ साडेसात महिन्यांचं असेल. इथे एमएमआरचा (गोवर, गालगुंड, रुबेला यांच्या एकत्र लसीचा) पहिला डोस वर्ष पूर्ण झाल्यावर देतात. सासूबाई म्हणतात, गोव्यात नवव्या महिन्यात देतात. दोन्हीकडच्या हिशोबाने बाळ लहानच. घरात चवथीला तीस-पस्तीस माणसं असतात, त्यामुळे यावं की यंदा राहू द्यावं, काही सुचत नाही. कुणी एवढं लहान मूल घेऊन गेलं आहे का?

---

प्रेषक: भाऊ, ह्यूस्टन (मूळ मडगाव)

ताई, एवढं मनाला लावून घेऊ नका. आमच्या वेळी गोवर कुणाला झाला नाही? आम्ही पाच भावंडं, एका आठवड्यात सगळी आडवी. आईने दाराला कडुलिंबाचा पाला बांधला, घरात फोडणी बंद. आठ-दहा दिवसांनी न्हाऊ घातलं की झालं. बाळाला खुशाल घेऊन या.

---

प्रेषक: माई, फोंडा

फोंड्याच्या सूनबाईस आशीर्वाद, भाऊंना नमस्कार.

मुलाकडे कॅनडात मिसिसागाला होते तेव्हापासून या ई-मेल यादीवर आहे, पण सहसा लिहीत नाही. आज लिहिते, कारण १९८६ पासून निवृत्त होईपर्यंत मी गोव्यातल्या उपकेंद्रांवर लसीच टोचल्या. त्याच्या आदल्याच वर्षी सरकारी लसीकरणात गोवराची लस आली होती.

भाऊ, माझ्या आईनेही पाला बांधला होता आणि फोडणी बंद केली होती. गोवर म्हणजे घरी आलेली पाहुणी, तिला दुखवायचं नाही, म्हणून डॉक्टरांनाही बोलावलं नाही. आम्ही तिघं होतो. थोरला भाऊ आणि मी उठलो. धाकटा अडीच वर्षांचा. त्याचं पुरळ काळवंडून मावळायला लागलं, सगळ्यांना वाटलं, उतरला. आईने पेज भरवायला घेतलं तर दोन घोटांनंतर तोंड फिरवलं. रात्री धाप लागली. नाकपुड्या फुलायच्या, बरगड्यांखाली खड्डा पडायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. गोवराने पोरं दगावतात ती बहुधा अशीच, मागाहून येणाऱ्या न्यूमोनियाने नाहीतर जुलाबाने. हे मला नर्सिंगला गेल्यावर कळलं. 'गोवर कुणाला झाला नाही' असं आमच्या घरात आईसमोर कुणी कधी म्हणालं नाही.

आणि उठलेल्यांचंही सगळं ठीक असतं असं नाही. गोवर अंगातली आधी कमावलेली प्रतिकारशक्ती बऱ्याच अंशी पुसून टाकतो, म्हणून पोर पुढे कित्येक महिने आजारी पडत राहतं. क्वचित एखाद्याला सात-आठ वर्षांनी मेंदूचा आजार होतो, त्यावर उपाय नाही.

नोकरीतली एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. गोवराची लस पावडरीच्या रूपात येते, काचेच्या कुपीच्या तळाशी एक पांढरी टिकली. सोबतचं पाणी घालून कुपी हलकेच फिरवली की विरघळते. त्या घटकेपासून चार तास. कुपीवर वेळ लिहायची, उरलेली टाकून द्यायची. एका कुपीत बऱ्याच मुलांचे डोस, आणि लस वाया गेली की वर जाब द्यावा लागे. भर पावसात एक आई ओहोळ ओलांडून आली. बाळाला नऊ महिने पूर्ण झालेले. त्या दिवशी आलेलं ते एकच मूल. मी म्हटलं, पुढच्या वाराला ये, आणखी पोरं असतील तेव्हा कुपी फोडू. तिने पदराने बाळाचं डोकं पुसलं आणि गेली. पुढच्या वेळी ती आली नाही. दोन महिन्यांनी मी वाड्यावर गेले तेव्हा बाळाला गोवर होऊन गेला होता आणि एका डोळ्यात फूल पडलं होतं. आता एक मूल आलं तरी कुपी फोडतात. तेव्हा मला साहेबांच्या रागाची भीती वाटली. ते बाळ आज चाळिशीकडे आलं असेल.

म्हणून सूनबाई, तुला अर्धवट काही सांगणार नाही. यायचं तर ये, पण तयारीने ये.

बाळाला सहा महिने पूर्ण झाले की तिकडे प्रवासासाठी एमएमआर लवकर देतात. डॉक्टरांना तसं सांगून वेळ घे. निघण्याआधी दोन आठवडे तरी हातात हवेत, लसीचं बळ यायला तेवढा वेळ लागतो. हा डोस मोजणीत धरत नाहीत, कारण इतक्या लहानपणी तुझ्याकडून मिळालेली, रोगाशी लढणारी प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात असतात आणि ती लसीचं काम कमी करतात. वर्षाचं झाल्यावर दोन डोस पुन्हा घ्यायचेच. आणि गोव्याला न येण्याने धोका टळत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये कॅनडाने गोवरमुक्त देशाचा दर्जा गमावला. रोग विमानात दोन्ही दिशांनी बसतो.

आता त्या पस्तीस माणसांकडे वळ. गोवराइतकं पसरणारं दुखणं दुसरं क्वचितच. लस नसलेल्यांमध्ये एका रोग्यामागे बारा ते अठरा जण पडतात. पुरळ उठण्याआधी चार दिवस तो पसरवत असतो, तेव्हा ताप, खोकला, लाल डोळे एवढंच दिसतं आणि लोक म्हणतात, पावसाने सर्दी झाली. रोगी खोलीतून गेल्यावरही दोन तास विषाणू हवेत राहतो. तू आपल्या घरची आरती आठव: गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या माटोळीखाली सगळे दाटीवाटीने, घुमट वाजतंय, प्रत्येक जण घसा फोडून गातोय, आणि बाळ या कडेवरून त्या कडेवर.

घरातल्या प्रत्येकाचं वय लिहून काढ. भारतात सरकारी लसीकरणात दुसरा डोस २०१० पासून आला. फेब्रुवारी २०१७ मध्ये गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली, त्यात गोवा पहिल्याच टप्प्यात होता, नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी. म्हणजे शाळा-कॉलेजातली पोरं बहुधा सुरक्षित. मग उरतात ते पंचवीस ते चाळीसमधले, तुझे दीर, जावा, नणंदा. त्यांच्यातल्या पुष्कळांना लहानपणी एकच डोस मिळाला. नवव्या महिन्यात दिलेल्या एका डोसने शंभरातल्या सुमारे ८५ जणांना संरक्षण मिळतं, दोन डोसांनी ९७ जणांना. कार्ड सापडलं नाही तर डॉक्टरांना विचारून एक डोस घ्यावा, आधी घेतलेला असला तरी पुन्हा घेतल्याने अपाय नाही. मात्र गरोदर बाईला ही लस द्यायची नाही, कारण लसीत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो.

घरात दीड-दोन वर्षांचं मूल असेल तर त्याला विसरू नका. १६ ते २४ महिन्यांच्या मधला दुसरा डोस हाच हमखास राहून जातो, कारण तोवर पोर धावायला लागलेलं असतं आणि आयांना वाटतं, झालं सगळं.

आणि कुणाला ताप-पुरळ दिसलंच तर बाळाला त्या खोलीत नेऊ नका, डॉक्टरांना दाखवा. आजारी मुलाला अ जीवनसत्त्वाचे दोन डोस लागोपाठ दोन दिवस देतात, त्याने डोळे आणि जीव दोन्ही वाचतात. पाला बांधायचा तर बांधा, पण पोराला उपाशी ठेवू नका.

माई

---

प्रेषक: भाऊ, ह्यूस्टन

माई, तुमच्या धाकट्या भावाचं वाचून मी मेल बंद करून बसलो होतो. माझं ते लिहिणं मागे घेतो. मुलीला फोन केला, ती ३४ वर्षांची, तिच्याकडे एकाच डोसची नोंद निघाली. तिच्या डोक्यात आहे की एमएमआरने मुलांना ऑटिझम होतो असा एक लेख आला होता, तिला काय सांगू?

---

प्रेषक: माई, फोंडा

भाऊ, तो लेख १९९८ मध्ये एका ब्रिटिश नियतकालिकात आला होता, बारा मुलांवरचा. २०१० मध्ये नियतकालिकाने तो मागे घेतला आणि लिहिणाऱ्या डॉक्टरचा परवानाही गेला. नंतर लाखो मुलांच्या नोंदी तपासल्या, असा संबंध सापडला नाही. पण नुसतं एवढं सांगू नका. तिला विचारा, नक्की भीती कसली वाटते, आणि पूर्ण ऐकून घ्या. मी दारोदार हेच करायचे.

---

प्रेषक: बाळाची आई, टोरोंटो

माई, नमस्कार. बाळाला परवा लस दिली. मांडीवर टोचली, रडलं, मग दूध पिऊन झोपलं. आठव्या-दहाव्या दिवशी थोडा ताप येऊ शकतो असं नर्सने सांगितलं आहे.

फोंड्याची यादी सासूबाईंनी केली. दोन्ही दीर शनिवारी टोचून आले. मोठ्या जाऊबाईंना चौथा महिना आहे, म्हणून त्यांना नाही. दीड वर्षाच्या पुतण्याचा दुसरा डोस खरंच राहिला होता, बुधवारी नेणार आहेत. वाड्यावरच्या शेजारच्या घरातही दोन लहान मुलं आहेत, सासूबाई त्यांचं कार्ड बघायला आज संध्याकाळी जाणार आहेत.