२०२६ साठी दिनक्रम ठरवायचा आहे, मार्गदर्शन हवे

पावणेसातची_लोकल:
नमस्कार. मी डोंबिवलीला राहते आणि फोर्टमधील एका कार्यालयात लेखा विभागात काम करते. सकाळी पावणेसातची गाडी पकडावी लागते आणि घरी परतेपर्यंत साडेसात वाजून गेलेले असतात. गेली चार वर्षे मी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुढील वर्षाचा आराखडा काढते आणि दरवर्षी तो संक्रांतीच्या आतच बारगळतो. परवा कपाट आवरताना यंदाची डायरी हाती लागली. तिची पहिली अकरा पाने सुवाच्य अक्षरांत भरलेली आहेत: किती मिनिटे चालले, किती पाने वाचली, भाजीला किती पैसे गेले. बाराव्या पानावर ‘खोकला’ एवढा एकच शब्द आहे आणि त्यानंतर थेट मार्चमध्ये गॅस सिलिंडर नोंदवल्याची तारीख.

२०२६ साठी मी तीनच गोष्टी ठरवल्या आहेत: रोज अर्धा तास चालणे, महिन्याला एक पुस्तक वाचणे आणि घरखर्चाची नोंद ठेवणे. मुलगा यंदा दहावीला आहे. वेळ अजिबातच मिळत नाही असे मी म्हणणार नाही. एक दिवस चुकला की सगळेच सोडून द्यावेसे वाटते, हे माझे खरे दुखणे आहे. त्यावर कोणी काही उपाय केला असेल तर कृपया सांगावा. पहाटे लवकर उठण्याचा सल्ला मात्र देऊ नये, कारण डब्यासाठी मी पावणेपाचलाच उठलेली असते.

जुनी_खतावणी:
ताई, मी बँकेतून निवृत्त झालो असून आता मिरजेला असतो. आपण लेखा विभागात आहात, म्हणून हिशेबाच्याच भाषेत लिहितो. आपला आराखडा ३६५ दिवसांचा आहे, पण तेवढे दिवस आपल्या हाती आहेत कुठे? भिंतीवरचे कॅलेंडर खाली काढून घ्या आणि जे दिवस आपले नाहीत ते आधी वजा करा. फेब्रुवारी-मार्च मुलाच्या परीक्षेचा आहे. मार्चअखेर आपल्याला कार्यालयातून वेळेवर निघता येत नसणार, हे मी स्वानुभवाने सांगतो. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक असल्यामुळे गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे दोन्ही सण यंदाच्यापेक्षा अठरा दिवस उशिरा येतात. गावी जायचे असेल तर रजा त्या हिशेबानेच काढावी लागेल.

दुसरी गोष्ट खाड्यांची. दूधवाल्याचा हिशेब आपण कसा ठेवतो? दूध आले त्या दिवसांची कोणी नोंद करत नाही. ज्या दिवशी आले नाही त्या तारखेवर फुली मारतो आणि महिनाअखेरीस खाडे वजा करून पैसे देतो. एका खाड्यासाठी कोणी दूध बंद करत नाही. मी फिरायला जाण्याचा हिशेब गेली सहा वर्षे असाच ठेवतो. महिन्याला सहा खाडे मी आधीच मंजूर करून ठेवलेले आहेत. सातवा पडला, तर पुढच्या महिन्यात पाचच मिळतात. मागच्या जुलैत पावसामुळे अकरा पडले आणि ऑगस्टमध्ये मला एकच खाडा शिल्लक राहिला, तोही मी पहिल्याच आठवड्यात संपवला. हिशेब बिघडला, पण फिरणे चालू राहिले.

पूर्ण वर्षाचा नेम धरण्याऐवजी चातुर्मासासारखा मुदतीचा धरावा, असेही मला वाटते. आमची आई आषाढी ते कार्तिकी एकच नेम धरायची आणि शेवटी त्याचे रीतसर उद्यापन करायची. नेमाला शेवट ठरलेला असला की माणूस तो ओढून नेतो. आपण तिन्ही नेम एकदम १ जानेवारीला सुरू करू नयेत. आता फक्त खर्चाची नोंद घ्या, चालणे परीक्षा संपल्यावर पाडव्यापासून आणि वाचन २५ जुलैच्या आषाढीपासून.

रात्रपाळी:
काकांची खाड्यांची पद्धत पटली, पण चालणे पाडव्यापर्यंत पुढे ढकलण्याशी मी सहमत नाही. मी परिचारिका आहे आणि माझी पाळी आठवड्याला बदलते, त्यामुळे ‘रोज सहा वाजता’ असे वाक्य माझ्या आयुष्यात चालतच नाही. मी वेळ ठरवत नाही, कशानंतर करायचे ते ठरवते. पाळी कोणतीही असो, घरी आल्यावर गणवेश भिजत घातला की लगेच गच्चीवर जाऊन वीस मिनिटे चालायचे. त्याआधी बसायचे नाही, कारण एकदा टेकले की उठणे होत नाही. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची शिफारस आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाच्या व्यायामाची आहे, म्हणजे हिशेब आठवड्याचाही ठेवता येतो. ताईंनी स्टेशन ते कार्यालय हे अंतर झपाट्याने चालून पार केले, तर त्यातली बरीचशी मिनिटे तिथेच भरतील.

स्वाध्याय:
मानसशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने थोडी भर घालतो. ‘एकवीस दिवसांत सवय लागते’ हे वाक्य सर्वत्र ऐकू येते. त्याचे मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या शल्यविशारदाने १९६० मध्ये लिहिलेल्या एका निरीक्षणात आहे: शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान एकवीस दिवस लागतात. त्यातला ‘किमान’ पुढे गळून पडला. लंडनमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या रोजच्या नोंदी तपासल्या, तेव्हा एखादी कृती आपोआप होऊ लागायला साधारण ६६ दिवस लागतात असे दिसले. व्यक्तीनुसार आणि कृतीनुसार हा आकडा १८ पासून २५४ पर्यंत बदलत होता. आपल्या प्रश्नाशी थेट संबंधित भाग असा की, मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यावर फारसा परिणाम झाला नाही. म्हणजे बाराव्या पानावरच्या खोकल्याने आपले काहीच बिघडवले नव्हते.

पावणेसातची_लोकल:
सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री कॅलेंडर घेऊन बसले आणि काकांनी सांगितल्याप्रमाणे दिवस वजा केले, तेव्हा माझे म्हणता येतील असे २४१ दिवस उरले. चार वर्षे मी तीनशे पासष्टांचा ताळेबंद मांडत होते आणि तो जुळत नाही म्हणून स्वतःवर चिडत होते. खर्चाची नोंद १ जानेवारीपासून, परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली की लगेच करीन; ठाण्यापर्यंत जागा मिळालीच नाही तर तो खाडा. चालण्याच्या बाबतीत रात्रपाळी यांचे ऐकायचे ठरवले आहे, फक्त आमच्या इमारतीची गच्ची कुलूपबंद असते, त्यामुळे किल्लीसाठी रविवारी सचिवांकडे जाणार आहे. वाचनाचे आषाढीला पाहू. काका, एक शंका आहे: मंजूर खाडे त्या महिन्यात वापरले नाहीत, तर ते पुढे ओढता येतात का?

जुनी_खतावणी:
नाही. किरकोळ रजेप्रमाणे ते बुडतात.