सर्कल ऑफ डस्ट: ‘ख्रिस्ती’ या शिक्क्याने क्लेटनला अडवले की उभे केले?

जुनी_कॅसेट:
न्यूयॉर्कच्या स्कॉट अल्बर्टने (आता तो क्लेटन एवढेच नाव लावतो) १९९० च्या दशकात सर्कल ऑफ डस्ट हा इंडस्ट्रियल मेटलचा (यंत्रांचे आवाज आणि जड गिटार मिसळणाऱ्या रॉकचा) प्रकल्प जवळजवळ एकट्याने चालवला. माणूस मातीतून आला आणि मातीतच जाणार, हे बायबलमधले वचन नावातच आहे. पहिला अल्बम १९९२ साली रेक्स या ख्रिस्ती लेबलने (ध्वनिमुद्रणे काढणाऱ्या कंपनीने) काढला. माझे मत असे, की हा शिक्का त्याला महागात पडला. ज्या श्रोत्यांना यंत्रांचा खडखडाट, कापून जोडलेले संवाद आणि धारदार गिटार आवडत होती, ते ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानात पाऊल टाकणारे नव्हते. आणि जे तिथे जात, त्यांतल्या बहुतेकांना हा आवाजच सैतानी वाटत असावा. त्याच वर्षी मिनिस्ट्री या इंडस्ट्रियल मेटल बँडने आपल्या अल्बमला ‘साम ६९’ असे स्तोत्राचे नाव देऊन धर्माची टवाळी केली आणि तो गाजला. पुढे क्लेटनने तो शिक्का झिडकारून सेलड्वेलर हा नवा प्रकल्प सुरू केला, तेव्हाच त्याची खरी कारकीर्द उभी राहिली.

मृण्मयी_वसई:
असहमत. तुम्ही शेवट पाहून सुरुवातीचा निकाल लावत आहात. अनुभव नसलेल्या, घरच्या यंत्रांवर काम करणाऱ्या तरुणाचे ध्वनिमुद्रण तेव्हा कोणत्या मोठ्या लेबलने छापले असते? ख्रिस्ती बाजार लहान असला तरी त्याला स्वतःचे वितरण होते, स्वतःची नियतकालिके होती. १९९३ साली लिव्हिंग सॅक्रिफाइस या बँडसोबत केलेला ‘मेटामॉर्फोसिस’ हा रीमिक्स अल्बम, १९९४ चा ‘ब्रेनचाइल्ड’, १९९५ साली नव्याने घडवून पुन्हा आणलेला पहिला अल्बम, एवढे प्रयोग त्याला याच बाजाराने करू दिले. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत अभंगाच्या चालीवर उपासना गाताना मी लहानाची मोठी झाले. त्यामुळे श्रद्धेने परका साचा स्वीकारला की ती पातळ होते, हा समज मला मुळातच पटत नाही.

जुनी_कॅसेट:
साच्याबद्दल माझी तक्रारच नाही, मृण्मयीताई. तक्रार गिऱ्हाइकांबद्दल आहे. क्लेटनच्याच आर्गाइल पार्क या दुसऱ्या प्रकल्पाचा १९९५ सालचा ‘मिसगायडेड’ हा अल्बम आठवा. प्राँग या बँडचा टॉमी व्हिक्टर आणि फीटस म्हणून ओळखला जाणारा जिम थर्लवेल यांच्यासारखे बाहेरचे लोक त्यात आले, कलाकारांनी टोपणनावे घेतली, गाण्यांतला राग उघडा होता. ख्रिस्ती श्रोत्यांत लगेच कुजबुज सुरू झाली. ज्या वर्गाला राग चालतो पण त्याचे नाव घेतलेले चालत नाही, त्याच्यासाठी किती काळ गात राहायचे?

ढोल_आणि_तार:
आपण दोघेही श्रद्धेवर भांडत आहात, आणि मला वाटते मूळ दुखणे कागदावर आहे. रेक्स आर्थिक अडचणीत सापडून कोसळले आणि ध्वनिमुद्रणांचे हक्क क्लेटनच्या हातात राहिले नाहीत. स्वतःचेच अल्बम तो वर्षानुवर्षे पुन्हा काढू शकला नाही. १९९८ साली ‘डिसएंगेज’ काढून त्याने प्रकल्प मिटवला. मधल्या काळात जादूगार क्रिस एंजलबरोबर एंजलडस्ट हा संगीतप्रकल्प केला (त्यावर फार बोलण्यासारखे नाही), आणि २००३ साली सेलड्वेलरचा पहिला अल्बम आला. यावेळी मालकी त्याने आपल्याकडे ठेवली, पुढे फिक्स्ट हे स्वतःचे लेबल उभारले. मालकी स्वतःची असल्यामुळेच व्हिडिओ गेम आणि ट्रेलरसाठी गाण्यांचे परवाने देणे त्याला सोपे झाले. आपल्याकडच्या सायबर कॅफेत २००५ च्या ‘नीड फॉर स्पीड: मोस्ट वाँटेड’मध्ये गाडी पळवणाऱ्या कित्येक मुलांनी सेलड्वेलर ऐकला आहे, नाव न कळता, आणि गायक कोणत्या बाजारातून आला हे तर मुळीच न कळता.

मृण्मयी_वसई:
हा मुद्दा मान्य आहे, पण त्याने माझीच बाजू भक्कम होते. हक्क परत मिळताच त्याने काय केले? २०१६ साली जुने अल्बम, ‘मिसगायडेड’सकट, नव्याने स्वच्छ करून काढले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘मशिन्स ऑफ अवर डिसग्रेस’ हा पूर्ण नवा अल्बम सर्कल ऑफ डस्ट याच नावाने आणला. ज्या नावाने अडवले असे तुम्ही म्हणता, त्याच्याकडे माणूस अठरा वर्षांनी कशाला वळेल?

जुनी_कॅसेट:
नावाकडे वळला, बाजाराकडे नाही; ‘ख्रिस्ती बँड’ म्हणवून घेणे त्याला मान्य नाही. शिवाय पुनरागमन स्वतःच्या लेबलवरून झाले, हे विसरू नका. मात्र हक्कांबाबत ढोल_आणि_तार यांचे म्हणणे मला पटते. रेक्स टिकले असते तर ‘ब्रेनचाइल्ड’ नंतर आणखी दोन-तीन अल्बम तिथेच झाले असते, कदाचित चांगलेही झाले असते, आणि आजचा हा वाद मी इतक्या ठामपणे मांडला नसता. तरीही १९९२ साली तोच अल्बम एखाद्या सामान्य लेबलने काढला असता तर, हा प्रश्न मी सोडलेला नाही.

ढोल_आणि_तार:
तसे लेबल तेव्हा त्याच्या दारात आले होते, असे समजू. करारावरची सही वाचूनच केली असती, याची खात्री कोण देणार?