मदत हवी आहे: कागदाच्या लगद्याला बुरशी येते

लेक सात वर्षांची, सुट्टीत हाताला काम हवं म्हणून रद्दीच्या वाट्या करायला घेतल्या. वर्तमानपत्राचे तुकडे दोन दिवस भिजवले, पाणी पिळून काढून मिक्सरमधून फिरवले, मैद्याची खळ घातली आणि स्टीलच्या पालथ्या वाटीवर लिंपले. (त्या मिक्सरच्या भांड्यावरून सासूबाईंनी काय ऐकवलं ते सोडा.)

पण बाहेर पाऊस. चौथ्या दिवशी वरून खडखडीत वाटलं, उलटं केलं तर आत ओलं, काळे ठिपके आणि आंबूस वास. शिवाय लगदा स्टीलच्या वाटीवरून सहज सुटलाही नाही, सुरीने उचकटताना काठ तुटला. पोरगी रडवेली.

आजी लगद्याच्या टोपल्यांत मेथ्या वाटून घालायची, एवढंच आठवतंय. साधारण वाटीभर लगद्याला किती मेथ्या? भिजवून वाटायच्या की कोरडी पूड? खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घाला असं एकीने सुचवलं, पण ते विषारी; मुलांच्या हातात नको. भांड्याला तेल लावायचं की मध्ये प्लास्टिकची पिशवी? पंख्याखाली वाळेल की ऊन येईपर्यंत थांबू?

आणि लग्नपत्रिकांचा गठ्ठाही पडलाय. तो जाड, चकचकीत कागद भिजतो का हो? तिला त्यातला गणपती मात्र कापून वेगळा ठेवायचाय.