मदत हवी आहे: त्वचेच्या लीशमानियासिसमध्ये परजीवीच्या चयापचयाचा वाटा किती?

नमस्कार मंडळी. एका प्रश्नात बरेच दिवस अडकले आहे, कोणी या विषयावर काम केलं असेल तर कृपया सांगा.

त्वचेचा लीशमानियासिस म्हणजे लीशमानिया या एकपेशीय परजीवीमुळे, वाळूमाशीच्या चाव्यातून होणारे व्रण. यातल्या लीशमानिया मेजर या प्रजातीचा व्रण बहुतेकदा काही महिन्यांत आपोआप भरतो. ब्राझिलिएन्सिस ही प्रजाती मात्र काहींमध्ये नंतर नाक-घशापर्यंत पोचते. श्रीलंकेचं उदाहरण तर मला सर्वात जास्त छळतं: तिथे त्वचेचे व्रण करणारा डोनोवानी, म्हणजे काळा आजार (यकृत-प्लीहेला ग्रासणारा लीशमानियासिस) करणारीच प्रजाती!

हा फरक परजीवीच्या चयापचयातून येतो की रुग्णाच्या प्रतिकारशक्तीतून? दोन्ही गुंतलेले आहेत, हे कळतं. मॅक्रोफेज (परजीवी जिच्या आत राहतो ती प्रतिकारक पेशी) आर्जिनिन या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड बनवून परजीवीला मारते. परजीवी तेच आर्जिनिन पॉलिअमाइन्ससाठी (पेशीच्या वाढीला लागणाऱ्या रेणूंसाठी) वापरून वाढतो. मग व्रण चिघळला तर कारण कोणाच्या खात्यावर मांडायचं?

शिवाय प्रयोगशाळेत वाढवायला सोपे ते प्रोमास्टिगोट, म्हणजे परजीवीचं वाळूमाशीतलं रूप. व्रणात असतात अमास्टिगोट, म्हणजे मॅक्रोफेजमधलं रूप. ते ग्लुकोज कमी घेतात, संथ वाढतात. पहिल्यावरून दुसऱ्याबद्दल निष्कर्ष काढणं मला धोक्याचं वाटतं.

रुग्णाच्या व्रणातल्या ऊतीत परजीवीचे आणि पेशीचे चयापचयी रेणू वेगळे ओळखायची पद्धत कोणी वापरली आहे का? नमुना घेताना काय काळजी घेतली?