कार्ड आपलं, चिप परकी. मग 'मेड इन इंडिया' कशाला म्हणायचं?

मिलिंगवाला:
आठ वर्षं कार्डांच्या कारखान्यात काढलीत म्हणून बोलतोय. परवा नवीन डेबिट कार्ड आलं, पाकिटावर मेड इन इंडिया, हसूच आलं. पीव्हीसीचे शीट आम्ही छापायचो, तापवून दाबून एकजीव करायचो, कापायचो, मग 0.76 मिमी जाडीच्या त्या कार्डात मी खळगा पाडायचो, तो केसभर जास्त खोल गेला की मागून फुगवटा दिसतो आणि कार्ड बाद. हे सगळं इथलं. पण खळग्यात बसणारं सोनेरी मॉड्यूल, म्हणजे चिप बसवलेली ती चकती, यायचं बाहेरून, जुन्या पिक्चरच्या रिळासारख्या 35 मिमीच्या पट्टीवर. 2021 ला जगभर चिपांचा दुष्काळ पडला तेव्हा छापलेली कार्डं पेट्यांत पडून आणि आम्ही चहा पीत बसलेलो. रुपे हे कार्डांचं नेटवर्क 2012 पासून आपलं, पण सिलिकॉन, म्हणजे चिप, इन्फिनिऑन, एनएक्सपी असल्या परदेशी कंपन्यांचंच. चिप इथेच बनली पाहिजे, महाग पडली तरी.

शून्य_बॅलन्स:
महाग पडली तरी म्हणजे कोणाच्या खिशातून दादा? कार्डाची वर्षाची फी मीच भरतो. आणि चिपला काय पासपोर्ट असतो का, खरा माल म्हणजे आतल्या चाव्या, म्हणजे गुप्त आकडे, त्या ग्राहकाची माहिती कार्डात टाकताना, पर्सनलायझेशनला, इथेच भरतात. कॉसमॉस बँक आठवा, पुणे, ऑगस्ट 2018, 94 कोटी. चोरांनी चिप फोडलीच नाही, एटीएमचे व्यवहार मंजूर करणाऱ्या स्विचच्या जागी आपलाच खोटा स्विच बसवून व्यवहार मंजूर करून घेतले आणि क्लोन, म्हणजे नकली कार्डांनी 28 देशांतून पैसे काढले. तिथे स्वदेशी चिप काय ओवाळायची?

मिलिंगवाला:
स्विचचं मान्य. पण क्लोन झाली ती काळ्या पट्टीची कार्डं. पट्टीवर तोच तो डेटा असतो, एकदा कॉपी केला की झालं. चिप दर व्यवहाराला नवीन कोड काढते. आरबीआयने 31 डिसेंबर 2018 पर्यंत चिपकार्डं द्या म्हणून बँकांच्या मागे उगाच नव्हतं लागलं.

नाशिकरोड_लोकल:
पैशांचं सोडा, ओळखपत्राचं बघा. ई-पासपोर्ट आमच्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होतो, त्यातही चिप आणि अँटेना आहे. पैसे गेले तर बँकेशी भांडता येतं, चेहऱ्याचा डेटा गेला तर नवीन तोंड कुठून आणणार? इथे तरी मी मिलिंगवाल्यांच्या बाजूने.

फॅबमधला_पोरगा:
सगळे भावनेच्या भरात आहात. गुजरातेतल्या धोलेऱ्याचा फॅब, म्हणजे चिपचा कारखाना, 28 ते 110 नॅनोमीटर तंत्राच्या चिपांचा ठरलाय, कार्डाची चिप त्या मापात बसते, म्हणजे अशक्य नाही. पण वीज गेली तरी चाव्या टिकवणारी मेमरी त्याच चिपवर लागते आणि त्याची बनवायची प्रोसेस साध्या, नुसतं गणित करणाऱ्या चिपपेक्षा वेगळी. वर सिक्युरिटी सर्टिफिकेशन, लेझर मारून, व्होल्टेज हलवून चिप चुकते का ते बघतात. घाई केली तर परक्या चांगल्या चिपऐवजी घरची भोकं असलेली चिप मिळेल. आधी चिपवरची ऑपरेटिंग सिस्टीम आपली करा. लायसन्स आणि गाडीच्या आरसीच्या कार्डांसाठी स्कोस्टा नावाची अशी सिस्टीम केलीच होती ना, सरकारच्या एनआयसी या आयटी संस्थेने आणि आयआयटी कानपूरने.

स्कॅन_अँड_पे:
आणि त्या आरसीची चिप कोणी वाचली? बारा वर्षांत एकाही हवालदाराकडे रीडर बघितला नाही, फोटो काढतो आणि पावती फाडतो. भाजीवाल्याकडे क्यूआर आहे, कार्डच कालबाह्य झालंय, तुम्ही कसल्या फॅक्टऱ्या काढताय. माझं मेट्रोचं कार्ड तर महिन्याभरात मेलं, टॅपच होत नाही.

नाशिकरोड_लोकल:
मेट्रोच्या गेटवर रेंज गेली की तुझं यूपीआय गोल गोल फिरत बसतं. एनसीएमसी, म्हणजे मेट्रो-बसला चालणाऱ्या कॉमन कार्डात बॅलन्स चिपमध्येच असतो, नेट नसलं तरी गेट उघडतं.

मिलिंगवाला:
@स्कॅन_अँड_पे कार्डाला भोक पाडून किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलंय का?

स्कॅन_अँड_पे:
हो, कोपऱ्यात. का?

मिलिंगवाला:
अँटेनाची तार कार्डाच्या कडेकडेने फिरवलेली असते. ती तुटली, म्हणून टॅप गेला. भोक तुम्ही पाडलं आणि नाव आमच्या कार्डाचं.